शेपटीचं शेत

बंधाऱ्यापासून शेवटच्या मोरीपर्यंत
आबा एका दमात जायचा.
आता निंबापाशी थांबतो,
पाटात काही दिसल्यासारखं करतो.
पाटात काही नसतं. शेवाळ. कुणाची तरी चप्पल.
उजव्या पोटरीतली कळ उतरेपर्यंत
तो ते काही-नाही नीट बघत राहतो.

अडतीस वर्षं पाटकरी. पांझरेचं पाणी
एका फडातून दुसऱ्या फडात वळवणारा.
कुणाचं बारं कधी, कुठली चारी फुटली,
हे त्याला झोपेत ऐकू यायचं.
माय म्हणायची, याले पानी उनं का ते इचारा,
पोर कितवीले शे ते इचारू नका.

मी धुळ्यात, दवाखान्याच्या डॉपलरच्या खोलीत.
दिवसाला वीस-बावीस पाय.
जेल गार लागेल, असं प्रत्येकाला आधी सांगते.
आबाला सांगायचं राहिलं.
त्याने पाय ओढून घेतला नाही.

जांघेत आवाज चांगला होता:
पुढे एक धडक, मागे एक घोट, पुन्हा पुढे हलकासा,
निरोगी धमनी तीन अक्षरांत बोलते.
मांडीच्या खाली एकच अक्षर उरलं.
गुडघ्यामागे फुसफुस.
घोट्याशी नुसता वारा.
पावलावर, अंगठ्याच्या रेषेत, मी तीनदा शोधलं.

दंडाला दाब एकशे चाळीस. घोट्याला ब्याऐंशी.
एकाला दुसऱ्याने भागायचं असतं.
भागलं.
कागदावर लिहायला मात्र वेळ लावला.

"शेपटीले पानी पोचत नही, आसंच ना?"
त्यानेच विचारलं, चादरीने जेल पुसत.

मग मी बोलत सुटले, डॉक्टर बोरशांच्या आधीच.
की धमनी म्हणजे नळी नव्हे, आबा.
आत एक अस्तर असतं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
त्याला वाहतं रक्त अंगावर कळतं.
जोर वाढला की ते भिंतीला सांगतं, सैल हो.
विडीने ते आधी बहिरं होतं,
मग गाळ बसतो, पाटात नाही,
पाटाच्या भिंतीच्या पोटात.
"गाळ तं काढता येस," आबा म्हणाला.
येतो कधी कधी, मी म्हटलं. तारेने, फुग्याने. बघू.

आणि पोटरी?
बसल्या जागी तिला आहे ते पुरतं.
चालताना कितीतरी पट मागते,
मिळालं नाही की हवेशिवायच चूल पेटवते.
ती कळ म्हणजे तो धूर.

"आन् काळीज?"
काळीज आवळतं तेव्हा सगळ्यांना देतं.
त्याच्या स्वतःच्या धमन्या भरतात
ते सैल झाल्यावर. दोन ठोक्यांमधली सवड,
तेवढंच त्याचं बारं.
आबा बराच वेळ गप्प.
"मंग जो घाई करस, त्याले काय भेटस?"
हा प्रश्न आम्हाला परीक्षेत होता.
मला तेव्हा चार गुण मिळाले होते.

गोळ्या तीन. विडी बंद.
आणि चालणं: कळ येईपर्यंत चाल, थांब,
कळ गेली की पुन्हा चाल. रोज.
उपाशी पोटरी आडवाटा उघडते,
आजवर बिनकामाच्या होत्या त्या बारीक चाऱ्या
हळूहळू रुंदावतात. सगळ्यांच्या नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.

पौषात माय म्हणाली, निंब मागे पडला.
मग जांभळाचं झाड. मग हिलाल पाटलाची विहीर.
कानामागे एक विडी असते अजून,
न पेटवलेली, म्हणते ती.
मी खोदून विचारत नाही.

रात्रपाळीत कधी कधी माझ्याच पावलावर
दोन बोटं ठेवून बसते.
लागते. लगेच लागते. त्याची लाज वाटते थोडी.

काल आबाचाच फोन. मागे पाण्याचा आवाज,
धाप, पण दमाची नाही.
शेवटच्या मोरीवरून बोलतोय म्हणाला.
मी विचारलं, पोचलं का पाणी?

"कोन्तं?" आबा म्हणाला.